परत आलात, आता सभासद व्हा

परदेशात दहा-पंधरा वर्षं काढून एखादं कुटुंब पुण्या-नाशकात परत येतं, नवं घर घेतं आणि पुढची दोन वर्षं भेटेल तो एकच विचारतो, ‘मग, रुळलात का?’ उत्तरंही ठरलेली असतात. एका पारड्यात खड्डे, धूळ, हॉर्न आणि कचेऱ्यांतल्या खेपा. दुसऱ्यात आई-बाबा, गणपती, दिवाळी आणि घरकामाला मिळणारी माणसं. काटा झुकेल त्यावरून निकाल लागतो : परतण्याचा निर्णय बरोबर होता, किंवा चुकला.

ही चर्चा उथळ आहे, असं माझं मत आहे. रुळण्याचा सोयींशी संबंध फार थोडा आणि माती, मुळं वगैरेंशी त्याहूनही थोडा. जिथे चार माणसं आपल्याकडे हक्काने काही मागू शकतात आणि आपल्याला ते सहजी टाळता येत नाही, तिथे आपण राहायला लागलो असं म्हणावं. परतलेला माणूस अडखळतो, कारण तो गिऱ्हाईक म्हणून येतो किंवा वारस म्हणून येतो. सभासद म्हणून यावं हे त्याला सुचत नाही. हेच टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. गिऱ्हाईक आणि वारस

सोयींचा जमाखर्च मांडणारा आणि मुळांचा हवाला देणारा, हे दोघं एकमेकांविरुद्ध बोलतात असं वाटतं. पहिला हिशेबी, दुसरा भावनाप्रधान. पण दोघांचं गृहीतक एकच आहे : गाव हे मला काहीतरी देणारं ठिकाण. पहिला पैसे मोजून सेवा मागतो, दुसरा जन्माच्या जोरावर जिव्हाळा मागतो. आपल्याकडून कोणाला काय हवं असेल, हा प्रश्न दोघांच्याही वहीत नाही.

दोन्ही दृष्टी साध्या कसोटीला उतरत नाहीत. सोयींनी माणूस रुळला असता, तर मेट्रो आली, रस्ता झाला की तक्रार थांबली असती. प्रत्यक्षात ती पुढच्या गैरसोयीवर सरकते, कारण गिऱ्हाइकाला कायमचं समाधान नसतंच. मुळांनी माणूस रुळला असता, तर जन्मभर एकाच शहरात राहून शेजारच्या दारावरची पाटीही न वाचलेली माणसं आपल्याला भेटली नसती. जन्म एका जागी झाला म्हणून त्या जागेशी नातं आपोआप टिकत नाही. कोणीतरी ते टिकवत असतं, आणि परदेशी गेलेल्याच्या बाबतीत ते काम बहुधा दुसऱ्यानेच केलेलं असतं.

२. परतणं हे दुसरं स्थलांतर

आल्फ्रेड शुट्झ हा व्हिएन्नाचा समाजचिंतक. नाझींमुळे देश सोडून तो अमेरिकेत गेला. परक्या समाजात शिरणाऱ्या माणसावर त्याने १९४४ साली निबंध लिहिला आणि घरी परतणाऱ्यावर १९४५ साली. महायुद्धावरून परतणारे सैनिक तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर होते. त्याचं निरीक्षण नेमकं आहे. परक्या ठिकाणी जाणाऱ्याला आपल्याला इथलं काही ठाऊक नाही, हे पक्कं ठाऊक असतं. परतणाऱ्याला मात्र सगळं ओळखीचंच असणार अशी खात्री असते. त्यामुळे पहिला जपून पाऊल टाकतो, दुसरा ठेचकाळतो आणि दोष रस्त्याला देतो.

आपल्या परतणाऱ्यांना हे तंतोतंत लागू पडतं. बाहेर गेल्यावर याच माणसाने कचऱ्याचा कोणता डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा इथपासून सगळं निमूटपणे शिकून घेतलेलं असतं. दारासमोरचा बर्फ आपणच उपसायचा, रात्री दहानंतर वॉशिंग मशीन लावायचं नाही, या नियमांवर त्याने कधी वाद घातला नाही. आपण नवे आहोत हे त्याने मान्य केलं होतं. इथे आल्यावर ती नम्रता गळून पडते, कारण हे ‘आपलंच’ असतं. पण २००५ साली गेलेल्या माणसाने आधार पाहिलेलं नाही, २०१६ साली आलेलं यूपीआय पाहिलेलं नाही, २०१७ सालचे जीएसटी आणि महारेरा पाहिलेले नाहीत. त्याच्या मनातलं गाव आता फक्त त्याच्याच मनात आहे. ज्या गावात तो उतरला आहे तिथे तो नवखा आहे, आणि नवख्याने शिकायचं असतं.

३. कायद्याची तीन उत्तरं

कायद्यात भावनेला जागा नाही, पण परतणं एका दिवसात होत नाही हे त्याला कळलेलं आहे. ‘तुम्ही परत केव्हा आलात?’ या प्रश्नाला आपले कायदे तीन वेगवेगळी उत्तरं देतात.

परकीय चलनाचा १९९९ सालचा कायदा, म्हणजे फेमा, हेतू बघतो. अनिश्चित काळ राहण्याच्या इराद्याने आलात की तुम्ही रहिवासी झालात. एनआरई खातं बदलून घ्यायला लागा. प्राप्तिकराचा कायदा दिवस मोजतो. आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं अनिवासी असलेल्याला तो ‘रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नव्हे’ असा अधलामधला दर्जा देतो. तो साधारण दोन-तीन वर्षं टिकतो आणि तेवढ्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर इथे सहसा कर बसत नाही. मतदार यादीला तुमचा हेतूही पुरत नाही आणि दिवसही पुरत नाहीत. तुम्ही होऊन नमुना ६ भरल्याशिवाय तिथे तुमचं नाव येत नाही. परदेशाचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्डावर इथे राहता येतं, घरही घेता येतं; मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

हेतू, काळ आणि सहभाग असे हे तीन टप्पे आहेत. पहिल्या दोहोंची कागदपत्रं चार्टर्ड अकाउंटंट करून देतो. तिसरा टप्पा ज्याचा त्यालाच पार करावा लागतो, आणि नेमका तोच राहून जातो. परतलेल्या किती घरांत मुलांच्या शाळाप्रवेशाची धावपळ पहिल्या महिन्यात होते आणि मतदार नोंदणी ‘करू कधीतरी’वर अडकते, ते आपापल्या ओळखीत पाहावं.

४. दोन परतलेले

९ जानेवारी १९१५ रोजी गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून मुंबईला उतरले. दोन दशकांहून अधिक काळ ते बाहेर होते, मोठी लढाई लढून आले होते आणि त्यांचं नाव इथे पोचलं होतं. मत मांडायचा अधिकार कोणाला असेल तर त्यांना होता. तरीही गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांच्याकडून वचन घेतलं : वर्षभर देश फिरा, कान उघडे ठेवा आणि जाहीर बोलू नका. गोखले फेब्रुवारीतच पुण्यात वारले, पण गांधीजींनी शब्द पाळला. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून ते हिंडले. गोखल्यांच्या भारत सेवक समाजात शिरायची त्यांची इच्छा होती. तिथल्या सभासदांचं एकमत होईना, तेव्हा त्यांनी अर्ज मागे घेतला. त्याच वर्षी अहमदाबादजवळ कोचरबला आश्रम काढला आणि काही महिन्यांत एका अस्पृश्य कुटुंबाला त्यात घेतलं. देणगीदारांनी हात आखडले, तरी त्यांनी निर्णय बदलला नाही. आधी ऐकणं आणि मग किंमत मोजून कशात तरी गुंतणं, या क्रमाने ते इथले झाले. त्यांच्या आगमनाचा दिवस २००३ पासून प्रवासी भारतीय दिवस म्हणून साजरा होतो. समारंभात गुंतवणुकीवर भरपूर बोललं जातं. गोखल्यांची अट मात्र कोणी परतणाऱ्यांना घालत नाही.

दुसरं उदाहरण १९१७ सालचं. डॉ. आंबेडकर न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकून, शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना. अखेर पारशी नावाने नोंद करून ते एका पारशी सरायमध्ये राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढलं. ओळखीच्यांनीही टाळाटाळ केली, तेव्हा गाडीच्या वेळेपर्यंत ते कामाठी बागेत बसून होते. परदेशातल्या वर्षांत आपल्या अस्पृश्यतेची जाणीवच पुसली गेली होती, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. मायदेशाने ती पहिल्याच आठवड्यात परत करून दिली.

मुळांचं गुणगान करणाऱ्याने ही हकीकत समोर ठेवूनच बोलावं. ‘आपली माती कवेत घेते’ हे वाक्य काहींच्याच बाबतीत खरं असतं. ज्याला ते खरं वाटतं, त्याला ती सवलत जन्माने मिळालेली असते. आजही परतलेल्याला भाड्याचं घर दाखवताना दलाल आडनाव विचारतो, मांसाहार करता का विचारतो. ज्याचं उत्तर ‘योग्य’ ठरतं त्याला हा प्रश्न ऐकूही येत नाही. सभासद व्हायचं असेल तर तो ऐकू यायला हवा.

५. घरातली भरलेली जागा

आता घरात येऊ. परतण्याचं सर्वांत जास्त सांगितलं जाणारं कारण म्हणजे आई-वडील. कारण खरं आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की घरातली आपली जागा रिकामी आहे आणि आपण आलो की ती भरेल. प्रत्यक्षात ती जागा केव्हाच भरलेली असते. मागे राहिलेल्या भावाने, वहिनीने, बहिणीने, कधी शेजाऱ्याने ती भरलेली असते.

वडिलांची प्लास्टिकची फाइल काढून पाहावी. उपाशीपोटीच्या साखरेचे रिपोर्ट, ईसीजीच्या फिकट पडत चाललेल्या पट्ट्या, केमिस्टची पिन मारलेली बिलं, मेडिक्लेमचा पत्रव्यवहार, कोणत्या गोळीने पित्त झालं होतं त्याची मागच्या पानावर पेन्सिलीने केलेली नोंद. अक्षर वहिनीचं असतं. परतलेला मुलगा पहिल्या आठवड्यात ही फाइल उघडतो, सगळं एक्सेलमध्ये भरतो आणि विचारतो, ‘डॉक्टर अजून बदलला का नाही?’ प्रश्न वैद्यकीयदृष्ट्या रास्तही असेल. पण रात्री दोन वाजता रिक्षा शोधून दवाखाना गाठलेल्या माणसांसमोर तो विचारायचा अधिकार त्याला अजून मिळालेला नसतो. त्याने पैसे पाठवले होते, नियमित पाठवले होते, हे खरं. पैशाने औषध आलं. पण घरात कोणाच्या शब्दाला किती वजन, हे पैशाने ठरत नाही.

घराचा किंवा शेताचा विषय निघाला की हेच उघड्यावर येतं. सातबारावर वारस म्हणून त्याचं नाव कायद्याने लागतं आणि लागायलाच हवं. मात्र तलाठ्याकडे खेपा घालणारा, बांधावरून भांडणारा आणि घरपट्टी भरणारा दुसराच असतो. हिस्सा कायद्याने मिळेल. भावाशी संबंध टिकवायचा असेल तर आधी झालेल्या कामाचा हिशेब स्वतःहून विचारावा लागेल. मी काय देणं लागतो, असं विचारत दारात येणारा भाऊ आपल्याकडे क्वचित दिसतो. जिथे दिसतो, तिथे घरं फुटत नाहीत.

मुलांची गोष्ट तर आणखी वेगळी. त्यांच्यासाठी हे परतणं नाहीच. त्यांचं हे पहिलंवहिलं स्थलांतर आहे, आणि तेही न विचारता केलेलं. राज्यातल्या सगळ्या शाळांत २०२० च्या कायद्याने मराठी शिकणं सक्तीचं झालं आहे, तेव्हा बाराव्या वर्षी आलेल्या मुलीला बाराखडीपासून सुरुवात करावी लागते. तिची चिडचिड म्हणजे ‘संस्कार कमी पडले’ असं मानणारे आई-बाप स्वतःच्या पहिल्या हिवाळ्यातलं एकाकीपण विसरलेले असतात.

६. कुंपणाच्या आतला परदेश

नवं घर बहुधा बाणेर-बालेवाडी, वाकड, खराडीकडच्या मोठ्या संकुलात घेतलं जातं. पोहण्याचा तलाव, जनरेटर, फाटकावर ॲपवरून परवानगी. परदेशातल्या उपनगराची ही नक्कल फक्त फाटकाच्या आतच चालते. पाणी टँकरने येतं, म्हणजे बाहेरच्याच कुठल्यातरी विहिरीतून किंवा बोअरमधून येतं. वीज, कचरा, मैलापाणी यांतलं काहीही कुंपणाच्या आत संपत नाही.

गंमत अशी, की सभासद होण्याची सर्वांत जवळची शाळा याच कुंपणात आहे. संकुलाची गृहनिर्माण संस्था चालते ती १९६० सालच्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली. फ्लॅट आधीच घेऊन परदेशात असताना भाड्याने दिला असेल, तर संस्था बिलात बिनभोगवटा शुल्क लावत होती. सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत ते लावता येतं. म्हणजे गैरहजेरीची किंमत रोखीत ठरलेली होती. परत आल्यावर ती ओळ बिलातून जाते आणि माणसाला वाटतं, आपण हजर झालो. पण वार्षिक सर्वसाधारण सभेला त्याची खुर्ची रिकामीच असते. मोठ्या संस्थेत कोरमला वीस सभासद पुरतात. तेवढेही जमत नाहीत. सचिव अर्धा तास वाट पाहतो, सभा तहकूब करून पुन्हा सुरू करतो आणि लाखो रुपयांचे ठराव दहा-बारा माणसांत मंजूर होतात. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप गटावर मोठमोठे परिच्छेद येतात : ‘तिकडे असं चालत नाही.’

याच संस्थेची जमीन कित्येकदा अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असते. ती संस्थेच्या नावे करून द्यायची जबाबदारी १९६३ च्या मोफा कायद्याने बिल्डरवर टाकली. ती पाळली जाईना म्हणून पुढे मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेअन्सची, सोय करावी लागली. त्यासाठी फाइल घेऊन उपनिबंधकाच्या कचेरीत बसणारा माणूस बहुतेक वेळा निवृत्त बँक कर्मचारी असतो, उच्चशिक्षित परतलेला अभियंता नसतो. ज्याचं कौशल्य सर्वांत उपयोगी, तोच सर्वांत कमी उपलब्ध.

आणि लिफ्टचं काय? परदेशात स्वतः भांडी घासलेला, तिथल्या श्रमप्रतिष्ठेचं कौतुक सांगणारा माणूस इथे दोन मावशी आणि एक ड्रायव्हर ठेवतो. त्यात वाईट काही नाही. पण त्याच मावशींना वेगळ्या लिफ्टने यायला लावणाऱ्या पाटीखालून तो रोज जातो. घरकामगारांसाठी राज्यात २००८ पासून कल्याण मंडळाचा कायदा आहे. आपल्याकडे येणाऱ्या बाईंची त्यात नोंद झाली का, हे विचारायला दोन मिनिटं लागतात. श्रमप्रतिष्ठा खरोखर शिकून आला असेल, तर ती दाखवण्याची जागा ही.

७. आखातातून परतणारे काय शिकवतात

परतण्याबद्दलचं आपलं लेखन अमेरिका-युरोपाभोवती फिरतं. रत्नागिरी, रायगड, गोवा इथून आखातात गेलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या परतत आहेत. त्यांच्या ‘रुळण्या’वर कोणी परिसंवाद घेत नाही. १९९० साली कुवेतवर हल्ला झाल्यावर सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं. नोकरी गेलेली, बचत अडकलेली. आर्थिकदृष्ट्या यांचं परतणं कितीतरी खडतर होतं.

तरीही गावात कसं वागायचं हे या माणसांना नव्याने शिकावं लागत नाही. याचं कारण त्यांच्या स्वभावात शोधू नये. तिथे नागरिकत्व जवळपास मिळतच नाही, त्यामुळे परतणं पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं. बायको-मुलं बहुधा गावातच राहतात. घर एकेक खोलीने वाढतं, बहिणीच्या लग्नाला हातभार लागतो, मशिदीच्या, देवळाच्या किंवा चर्चच्या दुरुस्तीत नाव असतं. म्हणजे शरीराने दूर असतानाही त्यांचं सभासदत्व चालू असतं आणि त्याची वर्गणी भरलेली असते. सोयी कमी, पैसा कमी, तरी नातं शाबूत. सोयींचा जमाखर्च हे कधीच समजावून सांगू शकणार नाही.

८. काही आक्षेप

पहिला आक्षेप : चांगलं पाहून आलेल्या माणसाने तक्रारच करायची नाही का? जरूर करावी. परतलेल्याची नजर ताजी असते. ज्या गैरसोयी इतरांच्या अंगवळणी पडल्या आहेत त्या त्याला दिसतात, आणि याचा शहराला फायदाच आहे. फरक तक्रारीच्या जातीत आहे. गिऱ्हाईक तक्रार करून उत्तराची वाट पाहतं, सभासद तक्रारीबरोबर स्वतःचं नाव समितीत देतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : इथल्या व्यवस्था माणसाला माणसासारखं वागवत नाहीत, मग दायित्व एकतर्फी का? हे मान्य केलं पाहिजे. बडोद्याने आंबेडकरांना जे दिलं त्यावर ‘तुम्ही आणखी नम्र व्हा’ हे उत्तर होऊ शकत नाही. पण त्यांनी पुढे जे केलं तेही पाहावं. ते गप्प बसून जुळवून घेत राहिले नाहीत आणि पाठ फिरवूनही गेले नाहीत. इथल्या नियमांनाच त्यांनी हात घातला. सभासदत्व म्हणजे मुकाट सोसणं, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ नाही. नियम बदलायला लावण्याचा अधिकार सभासदालाच असतो.

तिसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. काहींना कुठेच गुंतायचं नसतं. कर भरला, कोणाला त्रास दिला नाही, एवढं पुरे नाही का? जगायला पुरे आहे. अशा माणसाला दोष द्यायचं कारण नाही, आणि दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा परदेशी गेला तर त्याला हरलेला म्हणायचंही नाही. फक्त त्याने ‘इथे आपलेपणा उरला नाही’ असं म्हणू नये. आपलेपणा तयार करायला माणसं लागतात, आणि त्यांतून त्याने स्वतःला वगळलेलं असतं.

९. तेव्हा

परतणाऱ्यांना सांगणं एवढंच. पहिलं वर्ष गोखल्यांची अट स्वतःला घाला : फिरा, ऐका, तुलना मनातच ठेवा. मागे राहिलेल्या भावाबहिणीला आपलं देणं विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. मत देता येत असेल तर नमुना ६ याच महिन्यात भरा. ओसीआय असाल तर संस्थेत, शाळेच्या पालक संघात, वाचनालयात काम आहेच. तिकीट काढून, सामान उतरवून आणि घराला रंग देऊन तुम्ही इथे आलात, एवढंच सिद्ध झालं आहे. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर घ्याव्या लागतात. सूचनाफलकावरची तारीख बघा, वेळेवर जा आणि शेवटचा विषय संपेपर्यंत बसा.